मागाची खोली किती उघडी ठेवावी? येवल्यातल्या विणकर कुटुंबाचं घर (आकृती नाही, शब्दांतच सांगते)

माळवद

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. मी नाशिकला आर्किटेक्ट आहे. ऑफिस म्हणजे मी, एक ड्राफ्ट्समन आणि कायम रुसलेला प्लॉटर.

येवल्यात तीन सख्ख्या भावांचं माळवदाचं जुनं घर गेल्या पावसाळ्यात मागच्या अंगाने बसलं. कुणाला इजा नाही, दोन माग मात्र गेले. तिघेही पैठणी विणतात, घरातल्या दोन बायकाही मागावर बसतात. एकूण पाच माग. आता पाडून नवीन बांधायचंय. जागा रस्त्यावर ३६ फूट, आत ७० फूट खोल. रस्ता उत्तरेला. खाली माग, वर राहणं, हे त्यांनीच सांगितलं. खड्डा माग आहेत, म्हणजे विणणाऱ्याचे पाय जमिनीतल्या खड्ड्यात, त्यामुळे ते वरच्या मजल्यावर जाण्याचा प्रश्नच नाही.

गाडी अडलीये ती एका ठिकाणी. थोरल्या भावाचं म्हणणं, गिऱ्हाईक आता थेट घरी येतं. पुण्या-मुंबईहून गाडी काढून लोक येतात, माग बघतात, मग साडी घेतात. दुकानदाराला द्यायचं कमिशन वाचतं. म्हणून मागाची खोली रस्त्यावरून दिसली पाहिजे. मी पहिल्या नकाशात उत्तरेला आठ फूट उंच, सलग काच दाखवली. उजेडही येईल, कामही दिसेल. तो खूश झाला. धाकट्याने नकाशाची घडी घातली आणि "बघू" म्हणाला. आपल्याकडे "बघू" म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. बायकांनी तर तेवढंही म्हटलं नाही.

काम आणि घर एकाच छपराखाली असलेल्या घरांत तुमच्यापैकी कुणी वाढलंय का? बाहेरचा माणूस कुठवर यायचा आणि कुठे थांबायचा? नियमावली माझ्याकडे आहे, मला राहणीतलं हवंय.

खवचट

काचेमागे विणकर आणि बाहेर मोबाईल घेतलेली गर्दी. याला आमच्याकडे राणीची बाग म्हणतात.

माळवद

@खवचट, टोमणा पोचला. म्हणूनच विचारतेय.

पाम बीच

मी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत नऊ वर्षं भाड्याने राहिलो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं काम, १९८३ ते ८६ मधलं. सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन घोळके मिळून त्याहून मोठा चौक. घराला घर चिकटलेलं नाही, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला वाढवायचं त्याने कुणाला न विचारता वाढवावं. लोकांनी वाढवलंही. आता मूळ रूपातलं घर शोधावं लागतं. वास्तुकलेचे विद्यार्थी येऊन हळहळतात, पण वाढवता यावं म्हणूनच तर तसं केलं होतं.

सांगायचा मुद्दा वेगळाच. सात घरांच्या चौकात अनोळखी माणूस शिरला की त्याला स्वतःलाच कळतं की आपण कुणाच्या तरी अंगणात आलोय. पाटी नाही, फाटक नाही. पाऊल आपोआप हळू पडतं. तुम्हाला काचेपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल असं वाटतं. (तिथे चित्रकार किती भेटले ते विचारू नका. माझ्या चौकात दोन बँकवाले आणि एक दंतवैद्य होते.)

तिल्ली

मी येवल्याचीच. माहेरी माग, सासरी माग. ताई, तुमच्या त्या दोन बायका का बोलल्या नाहीत ते सांगते.

तुम्ही मागावर कधी बसलात का? खड्डा मागावर आम्ही बसतो म्हणजे फरशीच्या पातळीला बसतो, पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर. समोर ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, मांडीच्या थोडा वर. पदर विणताना धोटा नसतो, रंगारंगाच्या धाग्यांच्या तिल्ल्या, म्हणजे छोट्या कांड्या असतात. मोराच्या एका ओळीत कितीतरी तिल्ल्या उजव्या-डाव्या फिरवायच्या, दर ठिकाणी एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवायचा. एक धागा चुकला की चार बोटं विणल्यावर दिसतो आणि मग तेवढं उसवायचं. डोळे तिथून हलवता येत नाहीत.

अशात गिऱ्हाईक येतं. उभं राहतं. कुठे उभं राहतं? उजेडाच्या बाजूला, कारण त्यालाही नीट दिसायला हवं असतं. आणि त्याची सावली पडते बरोब्बर पदरावर. हिरवा आणि मोरपंखी एक होऊन जातात. "जरा बाजूला" म्हणता येत नाही, गिऱ्हाईक आहे. मग हात थांबवून हसत बसायचं. वरून बघणारा माणूस खाली बसलेल्या माणसाशी ज्या आवाजात बोलतो तो आवाजही तुम्ही ऐकला असेल. "किती दिवस लागतात हो?" हे तो माझ्या भांगाकडे बघून विचारतो.

तुमचा रस्ता उत्तरेला, काच उत्तरेला. म्हणजे सगळं जग येऊन आमच्या उजेडातच उभं राहणार.

माळवद

तिल्लीताई, नाही बसले. चार वेळा गेले, मोजमापं घेतली, फोटो काढले. आता लक्षात येतंय की चारही वेळा उभीच होते, आणि उत्तरेच्याच दारात.

कृष्णाकाठ

मिरजेचा आहे. सतारीची गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे लोक, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव आजही आदराने घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणीला २०१० मध्ये मिळालंय, तुम्ही आमच्या पुढे आहात.

तिथली दुकानं बघा एकदा. पुढची खोली रस्त्याला उघडी, जमिनीवर बैठक, कारागीर त्याच बैठकीवर. भोपळे वर टांगलेले. आतल्या दारापलीकडे घर. गिऱ्हाईक आलं की चपला काढतं आणि बसतं. बसावंच लागतं, कारण जवारी काढायची, म्हणजे तारांखालचा घोडा घासून सूर जुळवायचा, तर गवयाने ऐकायचं आणि कारागिराने घासायचं. थोडं घासलं, छेडलं, "अजून जरा बंद करा". पुन्हा घासलं. तास तास चालतं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य या गावात होतं, त्यामुळे इथल्या लोकांना गवयांचं कौतुकही आहे आणि भीडही नाही. कितीही मोठा गवई असो, घोड्यावर कानस चालताना तो कारागिराच्या समोर मांडी घालून बसलेला असतो.

तुमच्या गिऱ्हाइकाला बसवा. उभं राहायला जागाच ठेवू नका.

खवचट

कृष्णाकाठ, प्रतिसाद आवडला. पण गवयाला जवारीचं काम असतं म्हणून तो बसतो. पैठणीवाल्याला काय काम? त्याला व्हिडिओ काढून पुढच्या गावाला, म्हणजे शिर्डीला जायचंय.

तिल्ली

@खवचट, शिर्डीचं खरं आहे. निम्मे लोक दर्शन करून नाहीतर दर्शनाला जाता जाताच येतात. :)

व्हिडिओवरून आठवलं. नवीन नक्षी मागावर असली की आम्ही विणलेल्या भागावर फडकं टाकतो. लग्नाची साडी असली तरी टाकतो. आधी विणलेला भाग तुरीवर, म्हणजे कापडाच्या दांड्यावर, गुंडाळलेला असतो, तो दिसत नाही, पण जे हातभर दिसतं तेवढा फोटो पुरतो. महिन्याभरात तोच मोर दुसरीकडे, तोही मशीनवर. सगळी साडी उघड्यावर विणायची नसते. पाचपैकी एखादा माग आत हवा, जिथे कुणी येणार नाही.

आणि दुसरं. तुम्ही "काम खाली, राहणं वर" म्हणताय. विणायच्या धाग्याच्या कांड्या कुठे भरणार? रहाट माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी असतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत त्यांच्या चार कांड्या भरून होतात. रेशीम उकलायचं ते दुपारी टीव्हीसमोर. सांधणी, म्हणजे जुन्या ताण्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडायचा, हे काम दिवसदिवस चालतं. हजारो धागे असतात. तेव्हा घरातलं कुणीतरी शेजारी बसून गप्पा मारतं, नाहीतर माणूस वेडा होईल. वर-खाली जिना घातलात तर हे सगळं कुठल्या मजल्यावर?

फोडणी मात्र मागापासून लांब. हळदीचा हात पांढऱ्या ताण्याला लागला की संपलं.

दूरस्थ

मी सध्या फ्रान्समध्ये ल्यों शहरात आहे. इथे क्र्वा-रूस नावाची टेकडी आहे, एकोणिसाव्या शतकात सगळी रेशीम विणकरांची. जकार्ड नावाच्या माणसाने नक्षी विणायची आपली यंत्रणा १८०४ मध्ये आणली, ती मागाच्या वर बसते, त्यामुळे माग जवळजवळ चार मीटर उंच. मग खास त्यांच्यासाठी इमारती बांधल्या गेल्या. छत चार मीटर, तुळया जाडजूड, खिडक्या उभ्या आणि भल्यामोठ्या. घर एकाच खोलीचं. त्यात उजेडाची जागा मागाला, आणि माणसं झोपायची स्वयंपाकाच्या जागेवर लाकडी माळा टाकून. म्हणजे घर मागाच्या मापाचं, उरलेल्या हवेत कुटुंब. १८३१ मध्ये याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी उठाव केला होता.

आज त्या खोल्या "उंच छताचे घर" म्हणून महाग विकल्या जातात. माग जवळपास कुठेच नाही. तुमच्याकडे जकार्ड असेल तर उंचीचं आधी विचारा, नंतर स्लॅब फोडायची वेळ नको.

माळवद

@दूरस्थ, दोन मागांवर आहे, काठासाठी. उंची साडेबारा फूट धरते.

@तिल्लीताई, स्वयंपाकघर खालीच घेते, मागच्या अंगाला, परसाकडे. मधे एक सोपा, म्हणजे मोकळी पडवी, तिथे रहाट आणि सांधणी. वर फक्त झोपायच्या खोल्या. कागदावर "खासगी" म्हणून मी जो भाग करडा रंगवला होता त्यात निम्मं काम चालतं, हे मला चार भेटींत कुणी सांगितलं नाही. मी विचारलंच नव्हतं.

चाटी गल्ली

सोलापुरातून. वय ७१. आमच्या वडिलांनी घरात हातमाग चालवला, भावाने यंत्रमाग आणला. हातमागाच्या आवाजात मूल झोपतं. यंत्रमागाच्या आवाजात झोपतं, पण मोठेपणी हळू बोललेलं त्याला ऐकू येत नाही. तुमच्या घरातली पुढची पिढी काय आणेल सांगता येत नाही, तेव्हा मागाच्या खोलीची भिंत वरच्या झोपायच्या खोलीखाली येऊ देऊ नका एवढं बघा.

आता खरं बोलतो. तीन भाऊ. आज एक आहेत, चांगलं आहे. तुम्ही मोठ्या हौसेने एक दिंडी दरवाजा, एक ओसरी, एक गिऱ्हाइकाची बैठक काढाल. मग गिऱ्हाईक आलं की कुणाच्या मागापाशी जाणार? दारापाशी ज्याचा माग त्याच्या. एका दरवाज्याचं घर म्हणजे दहा वर्षांनी दिवाणी दावा. रस्त्याला ३६ फूट आहे ना? बारा-बारा फूट तिघांना. दार ज्याचं त्याचं.

पाम बीच

चाटी गल्ली काका, +१. कोरियांनी भिंत सामायिक ठेवली नाही त्याचं कारणच तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

माळवद

काका, थोरल्याची जागा दाराशीच होती. नकाशाची घडी कुणी घातली ते वर लिहिलंच आहे. उजेड पडला.

मुरूम

स्ट्रक्चरल इंजिनिअर, नगर जिल्हा. इथे सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून थोडं जमिनीवर. किंबहुना जमिनीखाली.

येवल्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. यात तुम्ही पाच खड्डे खणणार, प्रत्येक अडीच फूट. पाणी भरेल, भिंती आत येतील. मागचं अंग बसलं म्हणालात, तिथे माग होते ना? मला आश्चर्य नाही. जुने लोक म्हणतात ओल सुताला मानवते. मानवत असेल, गुडघ्याला मानवत नाही.

जमीन खणूच नका. जोतं ३० इंच उचला. आत मुरूम भरून ठोकून घ्या आणि खड्डा त्या जोत्यातच ठेवा, आरसीसीची पेटी करून. खड्ड्याचा तळ रस्त्याच्या पातळीला येईल, पाणी भरायचा प्रश्न मिटला. पाया अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे खोल जाऊन तळाशी रुंद होणाऱ्या खांबांचा घ्या, खर्च वाढेल, पण एकदाच.

माळवद

@मुरूम, थांबा थांबा.

जोतं ३० इंच. रस्त्यावर उभ्या माणसाचे डोळे साधारण ६० इंचांवर. म्हणजे आतल्या फरशीपासून ३० इंच वर. आणि मागावर बसलेल्या बाईचे डोळे फरशीपासून किती? तिल्लीताई, मोजून सांगता का? पाटासकट.

तिल्ली

नणंदेने मोजलं. पाट धरून ३१ इंच.

माळवद

म्हणजे रस्त्यात उभा असलेला आणि आत बसलेली, दोघं समोरासमोर! वरून बघणं नाही. सावलीही नाही, कारण खिडकीच्या कडेवर त्याचं फक्त डोकं येतं. काच लागतच नाही. ओटा, त्याच्या मागे तीन फूट उंचीपासून वर जाणारी खिडकी, लाकडी गज. ज्याला नुसतं बघायचंय त्याने रस्त्यावरून बघावं, दोन मिनिटं, आणि शिर्डीला जावं. ज्याला घ्यायचंय त्याने पायऱ्या चढाव्या, चपला काढाव्या आणि ओसरीवर गादीवर बसावं, कृष्णाकाठ म्हणतात तसं. गादी मागाच्या दक्षिणेला, म्हणजे उजेड त्याच्या पाठीमागून येणार नाही.

तिघांना तीन ओटे, तीन दारं. बारा फुटांत माग, ओसरी आणि कडेने सव्वातीन फुटांचा बोळ, घरच्यांसाठी. कॉलेजातून आलेल्या मुलीला गिऱ्हाइकांमधून वाट काढत जायला नको. दोन आतले माग सोप्याच्या पलीकडे, चौकातून उजेड. तिथे फडकं टाकायचीही गरज नाही.

रात्रीचे दोन वाजलेत, उद्या चुका काढा.

खवचट

चूक काढतो. खिडकीची कड तीन फूट म्हणालात. बाईचे डोळे ३१ इंचांवर, कड ३६ वर. समोरासमोर काय दिसणार, भिंत?

माळवद

हात जोडले. कड १८ इंच. दोन वाजता आकडे लिहू नयेत.

कृष्णाकाठ

बोळ अरुंद आहे. मयत कसं न्यायचं बाहेर? रागावू नका, आमच्याकडे घर बांधताना जुनी माणसं हेच आधी विचारतात.

माळवद

रागावत नाही. ओसरी आणि बोळ यांच्यामधे भिंत नको, लाकडी फळ्यांची उचलता येणारी आडभिंत करते, जुन्या दुकानांना असायची तशी. सणावाराला आणि इतर वेळेलाही काढता येईल.

माळवद (पंधरा दिवसांनी)

धागा वर काढतेय. काल साइटवर विटा रचून ३० इंचांचा ओटा केला, त्यावर पाट टाकून मधल्या सूनबाईंना बसवलं आणि शेजारच्या किराणावाल्याला रस्त्यात उभं केलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमची उधारी आजपर्यंत अशी तोंडावर बघून कधी मागितली नव्हती ना?" तो पळाला. धाकट्याने नकाशाची घडी घातली नाही, भिंतीवर चिकटवला. थोरला मात्र काचेसाठी थोडा खट्टू आहे. त्याला म्हटलं, पाटी मोठी करू.

मी पण मागावर बसले. पाऊण तासात अर्धा इंच विणलं, तेही सूनबाईंनी माझ्यादेखत उसवलं.

चाटी गल्ली

छान. पण रस्त्याचं काय? दर निवडणुकीला नवा थर पडतो. खरवडत कुणी नाही, जुन्यावर नवा. आमच्या वडिलांच्या घराला चार पायऱ्या होत्या, आता दीड आहे. तुमचे ३० इंच दहा वर्षांत २४ होतील. मग माणूस पुन्हा वरून बघायला लागला.

मुरूम

काका बरोबर. ३६ घ्या. सहा-सहा इंचांच्या सहा पायऱ्या. खालची एक रस्त्याच्या नावाने सोडून द्या.

माळवद

म्हणजे आज येणारं गिऱ्हाईक किंचित मान वर करून बघेल. चालेल, साडीची किंमत ऐकताना तसंही बघतंच. खड्ड्याचा तळही अर्धा फूट वर राहील. ३६ करते. रस्त्याची पुढची लेव्हल कुठे लिहून ठेवलेली असते का हे विचारायला एका कार्यालयात गेले होते, साहेब चहाला गेले होते.

तिल्ली

ताई, सासूबाईंना वाचून दाखवलं सगळं. त्या विचारताहेत, आमचंही घर कधीतरी काढायचंय, तर पायरी सहाच इंचाची ना? गवंडी सात करतात आणि काही बोलत नाहीत. आणि कडेला धरायला काहीतरी ठेवा म्हणाल्या, दोन्ही हातांत कांड्यांची टोपली असते.

खवचट

दोन्ही हातांत टोपली असेल तर धरणार कशाने?

तिल्ली

विचारलं. म्हणाल्या, टोपली कमरेवर घेईन, त्याला सांग.